मेनफ्रेमवर काय आहे, ते मेनफ्रेमलाच विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बँकांनी आपल्या संगणकांवरच्या सॉफ्टवेअरची पक्की यादी ठेवावी, हा आपल्या अंकातला आग्रह वाचला. सायबर सुरक्षा बघणाऱ्या केंद्र सरकारच्या सर्ट-इनने ऑक्टोबर २०२४ मध्ये याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्यापासून ‘एसबॉम’ (सॉफ्टवेअरमधल्या घटकांची यादी) हा शब्द सगळीकडे ऐकू येतो. पण मेनफ्रेमवर, म्हणजे बँकांचे मोठे व्यवहार चालवणाऱ्या संगणकांवर, हे काम ऐंशीच्या दशकापासून होत आलंय, त्याचा लेखात उल्लेखही नाही. मी सव्वीस वर्षं मेनफ्रेमची सिस्टम प्रोग्रॅमर होते, म्हणून लिहावंसं वाटलं.

झेड/ओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टमवर आयबीएमचं सॉफ्टवेअर बसतं ते एसएमपी/ई या साधनामार्फत. रिसीव्ह (आत घेणं), अप्लाय (बसवणं), अ‍ॅक्सेप्ट (कायम करणं) अशा पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीची नोंद सीएसआय या त्याच्या नोंदवहीत आपोआप पडते. प्रत्येक घटकाला सात अक्षरांचा एफएमआयडी, म्हणजे ओळखखूण, असतो. एचबीबी७७डी० दिसलं की मूळ सिस्टम झेड/ओएस २.५ ची, हे आम्हाला झोपेतही सांगता यायचं. एखादं मॉड्यूल मुळात कुठल्या घटकाचं, ते शेवटी कुठल्या पीटीएफने (आयबीएमच्या दुरुस्तीने) बदललं, हेही तिथे मिळतं. इतकी काटेकोर नोंदवही हाताशी असताना माणसं एक्सेलची शीट उघडतात, याचं मला फार वाईट वाटतं.

त्या शीटपायी एक रात्र आम्ही जागून काढलीय. दिवाळीच्या आधीचा शनिवार होता. परदेशातल्या एका बँकेचा जॉब एस०सी४ ही मेमरीची चूक देऊन सारखा पडत होता. दोष माहितीचा होता, त्यावरचा पीटीएफही आलेला होता आणि शीटमध्ये त्याच्यापुढे ‘अप्लाय झाला’ असं लिहिलेलं. मी एसएमपी/ईमध्ये लिस्ट काढली, तिथेही अप्लाय झालेला! तीन तास आम्ही भलतीकडेच शोधत बसलो. शेवटी कन्सोलवर ‘डी आयपीएलआयएनएफओ’ टाइप केलं, म्हणजे मशीन कशावरून सुरू झालंय ते विचारलं, आणि व्हॉल्यूमचं, म्हणजे डिस्कचं, नाव वाचलं. त्यात एकाच अक्षराचा फरक होता. सिसरेसचे, म्हणजे सिस्टम ज्यावरून सुरू होते त्या डिस्कचे, दोन संच, ए आणि बी, आणि प्रत्येकाचा टार्गेट झोन, म्हणजे सीएसआयमधला नोंदींचा कप्पा, वेगळा. दुरुस्ती बी वर झाली होती. आदल्या आठवड्यात डिस्कची अडचण आली तेव्हा कोणीतरी ए वरून आयपीएल केलं होतं, म्हणजे मशीन नव्याने सुरू केलं होतं. मी बघत होते तो झोन बी चा. शीटमध्ये पीटीएफचा रकाना होता, व्हॉल्यूमचा नव्हताच.

म्हणून आधी मशीन कुठल्या व्हॉल्यूमवरून उठलंय ते बघायचं, मग त्याच व्हॉल्यूमच्या झोनला विचारायचं. क्रम हाच.

एसएमपी/ईची यादी म्हणजे सगळं, असंही नाही. काही विक्रेत्यांची उत्पादनं नुसती लोड लायब्ररीत (चालवायचे प्रोग्रॅम असतात तिथे) कॉपी करून टाकलेली असतात, त्यांची सीएसआयला खबरच नसते. त्यासाठी लिंकलिस्टमधल्या, म्हणजे सिस्टम जिथे प्रोग्रॅम शोधते त्या यादीतल्या, लायब्रऱ्या एकेक करून बघाव्या लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा इलाज नाही. उलट एसडीएसएफ (जॉब बघायचं साधन), आरएमएफ (कामगिरी मोजायचं साधन) यांसारखे भाग डिस्कवर येतातच. ते वापरायची मुभा आहे की नाही, हे आयएफएपीआरडी ही सेटिंगची नोंद ठरवते आणि ‘डी प्रॉड,स्टेट’ ही आज्ञा ते दाखवते. ऑडिटला येणारी मंडळी बसवलेलं आणि चालू केलेलं यांत गल्लत करतात, हे मी अनेकदा पाहिलंय.

माझ्या पिढीतले बरेचजण आता निवृत्त होताहेत. मागे राहतात त्या आमच्याच शीट, आणि नव्या मुलांना एसएमपी/ई उघडायची परवानगीही पुष्कळ ठिकाणी मिळत नाही. निदान नुसतं वाचण्यापुरती तरी ती पहिल्याच महिन्यात द्यावी. आणि प्रत्येक आयपीएलनंतर व्हॉल्यूमचं नाव व त्याच्या झोनची लिस्ट एका जॉबने काढून तारखेसह जपून ठेवावी. हा जॉब लिहायला एक दुपार पुरते. कोणाला अडलं तर मी शिकवायला तयार आहे, त्याचे पैसे नकोत.

आपली,
एक निवृत्त सिस्टम प्रोग्रॅमर, डोंबिवली (पूर्व)