घराच्या विम्याचा कागद एकदा उघडून पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आखाजी (अक्षय्य तृतीया) आटोपली की आमच्या यावल-रावेर पट्ट्यात वाऱ्याचे दिवस सुरू होतात. मग आपल्या अंकात आडव्या झालेल्या केळीबागेचा फोटो येतो आणि खाली ठरलेली ओळ असते : 'घरांवरील पत्रे उडाले, संसार उघड्यावर'. त्या घरांचा विमा होता का, हे बातमीत कधीच नसतं. फैजपुरात माझं पत्र्यांचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. वादळ झालं की लोक आधी तलाठ्याकडे जातात आणि मग माझ्याकडे येतात, म्हणून हे पत्र.

केळीच्या विम्यात आमचा शेतकरी कुणाला हार जाणार नाही. हवामान केंद्र कोणत्या मंडळात, वारा किती सुटला, ट्रिगर, म्हणजे भरपाई सुरू होण्याची मर्यादा, लागला की नाही, सगळं तोंडपाठ. घराचं विचारलं की तोच माणूस म्हणतो, "शेठ, बँकेनं काढलाय ना विमा!" कागद आणायला सांगावं, तर कितीदा तरी तो कर्जदाराच्या जिवाचा विमा निघतो. माणूस गेला तर कर्ज फिटेल, पण छप्पर गेलं तर त्यातून दमडी मिळणार नाही. घराचा निघालाच, तर नुसत्या इमारतीचा. भिजलेल्या गाद्या, कपाट, टीव्ही त्यात धरलेलेच नसतात.

विमा नियामक प्राधिकरणाच्या आदेशामुळे १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही घरांसाठी सगळ्या कंपन्यांची एकसारखी पॉलिसी आहे. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, घरावर झाड किंवा वाहन आदळणं, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, हे सगळं त्यात येतं. कंपाउंडची भिंत आणि सोलर पॅनेलसुद्धा. विम्याची रक्कम ठरते ती चटई क्षेत्र (घरातली वापराची जागा) आणि बांधकामाचा आजचा दर यांच्या गुणाकारानं. प्लॉटची किंमत त्यात नसते. ८०० चौरस फूट आणि १,८०० रुपये दर धरला तर १४ लाख ४० हजार. सामानाचंही संरक्षण घेतलं असेल तर इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, सामानासाठी आपोआप धरले जातात. सोन्याचे दागिने मात्र वेगळे सांगून, जादा पैसे भरून घालावे लागतात.

आता न बसणाऱ्या गोष्टी. वाद होतात ते इथंच. वाऱ्यानं पत्रा उडाला तर भरपाई मिळते. पण पत्रा गंजून चाळण झाला आणि साध्या पावसात घर गळलं, तर विम्याच्या लेखी काही घडलेलंच नाही. काळ्या मातीवरची घरं उन्हाळ्यात तडकतात. जमीन आकसते, पावसाळ्यात फुगते, आणि भिंतीत बोट जाईल एवढी चीर पडते. जमीन खचणं पॉलिसीत आहे, पण घर बसल्यामुळे पडणाऱ्या नेहमीच्या भेगा आणि सदोष बांधकाम वगळलेलं आहे. पाया जपून घातला नसेल तर कंपनीशी भांडून काही हाती लागत नाही. शॉर्टसर्किटनं जळालेल्या फ्रिजची भरपाई मिळत नाही, त्याच्यापासून घराला लागलेल्या आगीची मिळते. नुसती घरफोडी यात नाही. वादळ-पुरासारख्या घटनेमुळे घर उघडं पडलं आणि त्यानंतर सात दिवसांच्या आत चोरी झाली, तरच ती धरतात. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात तितूर नदी घराघरांत शिरली होती, तशा वेळी हे कलम कामी येतं.

माझ्या धंद्याच्या विरोधात जाणारी एक गोष्टही सांगतो. गच्चीवर खोली चढवायला लोक माझ्याकडून पत्रे नेतात. चटई क्षेत्र १० टक्क्यांहून जास्त वाढलं आणि ते जादा हप्ता भरून पॉलिसीवर नोंदवलं नसेल, तर त्या वाढीव बांधकामाची भरपाई नाही. नुकसान झाल्यावर मुरगळलेले पत्रे सकाळीच भंगारवाल्याला देऊ नका. आधी फोटो काढा, कंपनीला कळवा आणि नुकसान मोजणारा सर्व्हेअर येऊन पाहीपर्यंत ते तसेच ठेवा. दावा नाकारला तर पुण्याला विमा लोकपाल आहे. तक्रारीला वकील लागत नाही.

सरकारी मदतीवर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी : २०२२ च्या आपत्ती निकषांत अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये होते, आणि तेही किमान १५ टक्के पडझड असेल तर. खोलीभर पत्रे, लोखंडी पाइप आणि मजुरी धरली की हे पैसे कुठं संपतात, ते मी विकणारा माणूस काय सांगू?

एक मागणी बँकांकडे. गृहकर्ज देताना इमारतीचा विमा किती, सामानाचा किती आणि काय वगळलं आहे, हे एका पानावर मराठीत लिहून द्यावं. इंग्रजीतल्या जाड पुस्तकावर सही घेऊन भागत नाही. आणि आपल्या वार्ताहरांनी यंदा पंचनाम्याच्या बातमीत एवढं तरी विचारावं, की किती घरांचा विमा होता आणि तो कशाचा होता.

आपला,
एक पत्रे विक्रेता
फैजपूर, ता. यावल, जि. जळगाव