चुकलेल्या गणितांविषयी ऋचास

दांडिया बाजार, वडोदरा
रविवार

चि. ऋचास अनेक आशीर्वाद.

तू शुक्रवारी रात्री बाबांना पाठवलेला निरोप त्यांनी मला काल सकाळी चहाच्या वेळी वाचून दाखवला. सराव परीक्षेत गणिताला १५६ आले, मला गणित येतच नाही, अमेरिकेतल्या पुढच्या शिक्षणासाठी द्यायच्या जीआरई परीक्षेची तारीख रद्द करते, एवढेच त्यात होते. गुण ऐकून मी घाबरले नाही. तारखेचा निर्णय तुझा आहे, आणि ती पुढे ढकलायची झाल्यास परीक्षेच्या चार दिवस आधीपर्यंत ढकलता येते, तेव्हा आज रात्रीच काही ठरवले पाहिजे असे नाही. मधल्या वाक्याबद्दल मात्र मी काही लिहिणार नाही, कारण काल संध्याकाळी फोनवर त्याच वाक्यावरून आपले बोलणे तुटले आणि मला ते पुन्हा तोडायचे नाही.

हे पत्र तू पाठवलेल्या वहीच्या पानांविषयी आहे. निनादने ती पाने कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणली. तुझी उत्तरे झाकून मी आधी सगळी गणिते स्वतः सोडवली आणि मग तुझ्या कामाशी ताडून पाहिली. शाळेत इतकी वर्षे वह्या तपासल्या, त्यामुळे उत्तर चुकले की माझी नजर आपोआप वरच्या ओळींकडे जाते. चूक कुठे शिरली हे तिथेच कळते.

वर्गात मुलगे आणि मुली यांचे प्रमाण ३:५ आहे, एकूण ४० विद्यार्थी आहेत, तर मुली मुलग्यांपेक्षा कितीने जास्त आहेत, हे पहिल्याच पानावरचे गणित. तू आठ भाग केलेस, एक भाग पाचाचा काढलास, मुली २५ मांडल्यास, आणि २५ वर खूण करून पुढे गेलीस. उत्तर १० आहे. प्रश्न काढणाऱ्याने २५ हा पर्याय तिथे मुद्दाम ठेवलेला असतो, कारण घाईत असलेला विद्यार्थी नेमका त्याच पायरीवर थांबेल हे त्याला ठाऊक असते. तुझी पद्धत बरोबर होती, आकडेमोड बरोबर होती, प्रश्नाची शेवटची ओळ तेवढी वाचायची राहिली. ज्या मुलीला गणित येत नाही तिला चाळीसचे आठ भाग करावेत हेच सुचले नसते. पाहा, लिहिणार नाही म्हटले आणि लिहिलेच.

दोन राशींची तुलना करायला सांगणारे प्रश्न तुझे सर्वांत जास्त चुकले आहेत, आणि त्यांचे मला मुळीच आश्चर्य वाटले नाही, कारण आपल्याकडच्या शाळेत किंवा कॉलेजात तसले प्रश्न विचारतच नाहीत. क्ष शून्यापेक्षा मोठा आहे, तर क्षचा वर्ग मोठा की क्ष मोठा? तू वर्ग मोठा म्हणालीस. तुझ्या पानावर समासात २ आणि ४ लिहिलेले दिसतात, म्हणजे तू २ घालून पाहिलेस आणि समाधान मानलेस. १ घातला असतास तर दोन्ही सारखे आले असते, आणि १/२ घातला असतास तर वर्ग १/४, म्हणजे लहान झाला असता. एका संख्येने एक उत्तर आणि दुसरीने वेगळे उत्तर आले की चौथाच पर्याय खरा, दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही. अशा प्रत्येक प्रश्नाला शून्य, एक, अपूर्णांक आणि ऋण संख्या, यांपैकी अट मोडत नसतील त्या सगळ्या घालून बघायच्या, ही सवय आठ-दहा दिवसांत हाताला लागते.

हे लिहिताना मला सारखी तू चौथीतली आठवते आहेस. गुणाकार केला की संख्या वाढते असे बाईंनी शिकवले होते, आणि अर्ध्याला अर्ध्याने गुणल्यावर पाव होतो म्हणजे कमी होते, हे तुला पटेना. तू अण्णांच्या गेल्या वर्षीच्या पंचांगाचे पान फाडून त्याची घडी घातलीस, पुन्हा घडी घातलीस, उलगडून चार चौकोन मोजलेस, आणि मग ते पान घेऊन अण्णांकडे गेलीस. पंचांगाला हात लावलेला त्यांना कधी चालत नसे. त्या दिवशी मात्र त्यांनी तुला जवळ बसवून पावाचा पाव किती ते विचारले, आणि तू पुन्हा घडी न घालता सोळावा भाग म्हणालीस. रात्री जेवताना ते मला म्हणाले, हिला अडवू नका. तू हे विसरली असशील. मी नाही विसरले, आणि म्हणूनच ते वाक्य तुझ्या हातचे वाचल्यावर माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही.

असो. वेगाच्या गणिताकडे येते. एक गाडी साठच्या वेगाने गेली आणि त्याच रस्त्याने चाळीसच्या वेगाने परत आली, तर सरासरी वेग किती? तू अंतराला एक अक्षर दिलेस, दोन वेळांना दोन अक्षरे दिलीस, समीकरणे मांडलीस, अर्धे पान भरवलेस आणि शेवटी एका छेदाची उलटापालट होऊन उत्तर बिघडले. तू इंजिनिअर आहेस, तुला चलन-कलन म्हणजे कॅल्क्युलस शिकवले आहे, त्यामुळे समोर प्रश्न आला की हात आधी मोठ्या हत्याराकडे जातो, आणि हे म्हणजे लिंबू चिरायला कोयता काढण्यासारखे झाले. अंतर १२० किलोमीटर धर. जायला दोन तास, यायला तीन तास, एकूण २४० किलोमीटर पाच तासांत, म्हणजे ताशी ४८. या परीक्षेत त्रिकोणमिती नाही, कलन नाही. अंकगणित, बीजगणित, भूमिती आणि आकडेवारीचे वाचन एवढेच आहे, आणि ते साधारण आपल्या दहावीच्या आसपासचे आहे. कलाभवनातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात तू चार वर्षे जे केलेस त्यापुढे ते काहीच नाही. फक्त दहावीतल्या मुलीसारखे साधेपणाने विचार करायची सवय तुझी मोडली आहे.

आता ज्या ठिकाणी तुला खरोखर येत नाही ते सांगते, कारण मी नुसते कौतुक करते असे तुला वाटायला नको. संभाव्यतेत ‘किमान एक’ असा शब्दप्रयोग आला की तू चुकतेस. दोन फासे टाकले, किमान एकावर सहा येण्याची संभाव्यता किती, याला तू १/६ अधिक १/६ म्हणजे १/३ लिहिलेस. दोन्हींवर सहा येण्याचा प्रसंग त्यात दोनदा मोजला गेला. एकावरही सहा न येण्याची संभाव्यता ५/६ गुणिले ५/६, म्हणजे २५/३६. ती एकातून वजा केली की ११/३६ उरतात. तसेच प्रमाण विचलनाचे, म्हणजे संख्या सरासरीपासून किती विखुरल्या आहेत त्या मापाचे. प्रत्येक संख्येत पाच मिळवले तर विचलन बदलत नाही, कारण संख्यांमधली अंतरे तीच राहतात, हे तुला सूत्रातून शोधत बसावे लागले. हे दोन धडे कच्चे आहेत. दोन धडे कच्चे असणे आणि गणित न येणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि हा फरक तुझ्यासारख्या हुशार मुलीला दिसू नये याचेच मला राहून राहून वाईट वाटते.

परीक्षेची रचना तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, तरी लिहिते. गणिताच्या पहिल्या भागात २१ मिनिटांत १२ प्रश्न, दुसऱ्यात २६ मिनिटांत १५, म्हणजे एका प्रश्नाला पावणेदोन मिनिटे. तुझ्या पानावर कडेला वेळ लिहिलेली आहे आणि एका वर्तुळाच्या प्रश्नावर तू सहा मिनिटे घालवलेली दिसतात. भागातल्या प्रत्येक प्रश्नाचे वजन सारखेच असते, मग त्या एकाच्या हट्टापायी पुढचे दोन-तीन सोपे प्रश्न का गमवायचे? खूण करून पुढे जायचे, वेळ उरला तर परत यायचे, आणि काहीच सुचले नाही तरी पर्याय कोरा सोडायचा नाही, कारण चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. जिथे लागू असलेली सगळी उत्तरे निवडायची असतात तिथे मात्र अर्धे गुण मिळत नाहीत. २४ ने भाग जाणाऱ्या संख्येला कोणकोणत्या संख्यांनी भाग जाईलच, या प्रश्नात तू ६ आणि १२ निवडलेस, १६ बरोबर वगळलास, पण ८ राहिला, आणि सगळे गेले. शिवाय पहिला भाग चांगला गेला की दुसरा अवघड येतो. तो अवघड वाटू लागताच तू मनातून खचतेस असे मला तुझ्या निरोपावरून वाटले. खरे तर तेव्हा आपले पहिले काम नीट झाले असे समजायला हरकत नाही.

हे पत्र आता व्याख्यान होऊ लागले आहे, याची मला क्षमा कर. शाळा सुटली तरी बाईंची सवय सुटत नाही. तू तीस तासांचे काम वीस तासांत उरकून, रात्री बारानंतर ही वही उघडून बसतेस, तेव्हा तुला वरून माझे ऐकायला लागावे हे मलाही नको आहे.

पण जे टाळत होते ते आता लिहितेच. शांतामावशी माझ्यापेक्षा गणितात किती पुढे होती हे तू कोणालाही विचार, अगदी विठ्ठलकाकांनासुद्धा. भूमितीची सिद्धता ती फळ्याकडे न बघता सांगायची. एका वर्षी तिचा एक पेपर वाईट गेला, आणि ती घरी येऊन तुझ्याच शब्दांत म्हणाली, मला गणित येत नाही. घरात कोणी तिला अडवले नाही, उलट मुलीने स्वतःच सोडले याचे काहींना बरे वाटले. पुढचे तुला माहीत आहे आणि ते मी इथे लिहीत नाही. आमच्या आजीला अक्षरओळख झाली ती केवळ सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सबंध बडोदे राज्यात मुलांबरोबर मुलींनाही शिक्षण सक्तीचे केले म्हणून. आजीच्या वडिलांना मुलगी शाळेत पाठवायची नव्हती, दंडाच्या धाकाने पाठवली. तिने आयुष्यभर घराचा हिशेब स्वतः ठेवला. त्या आजीच्या नातीने आपण होऊन गणित सोडले, आणि आता तिच्या भाचीच्या तोंडी तेच शब्द आले, म्हणून मी काल फोनवर तशी बोलले. माझा आवाज चढला होता तो रागाने चढला नव्हता.

तू अमेरिकेला जावेस की नाही, याबद्दल मला आणि बाबांना जे वाटते ते वेगळे आहे, आणि ते या कागदावर आणायचे नाही. रस्तेवाहतुकीचा अभ्यास करायचा तुझा ध्यास दुसऱ्या वर्षापासूनचा आहे. तू त्या पुलाच्या प्रकल्पाची फाइल बाबांना समजावून सांगत होतीस तेव्हा ते मध्ये एकदाही बोलले नाहीत, आणि नंतर दोन दिवस सोसायटीत भेटेल त्याला सांगत होते. तुला प्रवेश मिळाला नाही तरी या घरात काही कमी होणार नाही. तू परीक्षा दिलीस आणि गुण कमी आले तर २१ दिवसांनी पुन्हा देता येते, आणि कोणते गुण विद्यापीठाला पाठवायचे हेही तुझ्याच हाती असते. मला भीती परीक्षेची नाही. न देता तू स्वतःबद्दल जे ठरवून टाकशील त्याची आहे, कारण ते पुन्हा तपासायला कोणी देत नाही.

पुढच्या पंधरा दिवसांसाठी एवढेच कर. रोज नवी पन्नास गणिते सोडवण्यापेक्षा चुकलेली दहा पुन्हा कोऱ्या पानावर सोडव, आणि प्रत्येकाखाली चूक वाचण्याची, घाईची की न येण्याची, ते एका शब्दात लिही. परीक्षा घेणाऱ्या ईटीएस संस्थेच्या पॉवरप्रेप या दोन विनामूल्य सराव चाचण्यांपैकी एक तू वापरलीस. दुसरी शेवटच्या आठवड्यापर्यंत उघडू नकोस, आणि उघडशील तेव्हा रविवारी सकाळी, आधी निबंधाचा अर्धा तास लिहून मगच गणिताकडे जा, कारण प्रत्यक्षातही निबंध पहिला असतो आणि गणित कदाचित सगळ्यांच्या शेवटी येईल. रात्री साडेअकरानंतर वही उघडायची नाही.

आणखी एक. नोंदणीत नाव भरताना तू आडनाव आधी लिहिलेस की शेवटी, आणि मध्ये बाबांचे नाव घातलेस की नाही, ते पासपोर्टसमोर ठेवून अक्षर न अक्षर तपास. कॉलेजच्या कागदांवर आडनाव आधी आहे, पासपोर्टवर बाबांचे नाव तुझ्या नावाला जोडून आहे, आणि केंद्रावर ओळखपत्राशी नाव जुळले नाही तर आत सोडत नाहीत. फरक दिसला तर उद्याच त्यांना कळव. संभाव्यतेची वीस गणिते मी काढून ठेवली आहेत, ती निनाद आज रात्री पाठवेल. त्यांची उत्तरे सोबत दिलेली नाहीत. तुझी पाने आली की मी तपासून परत पाठवीन.

तुझी,
आई