प्लेटलेट देताना माझा फोनही सांभाळणाऱ्या काकांना

नमस्कार काका,

तुमचं नाव मला माहीत नाही. रक्तपेढीतल्या बाईंना विचारलं, त्यांनी सांगितलं नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे. म्हणून असं चारचौघांत लिहिते आहे. सणाच्या आदल्या संध्याकाळी ज्या मुलासाठी तुम्ही प्लेटलेट दिल्यात, तो माझा धाकटा भाऊ.

केमोनंतर त्याच्या प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या रक्तातल्या पेशी, 8 हजारांवर आल्या होत्या. धडधाकट माणसाच्या दीड लाखाच्या वर असतात. 10 हजारांच्या खाली गेल्या की कुठे लागलं-खुपलं नसतानाही आत रक्तस्राव होऊ शकतो, त्यामुळे डॉक्टर वाट बघत नाहीत. त्याच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. उशीच्या अभ्र्यावर पडलेले डाग दिसू नयेत म्हणून तो त्यावर गाल ठेवून पडला होता.

रक्तपेढीत साठा नव्हता. त्यांच्यावर माझा राग नाही. लाल पेशी थंडीत ठेवल्या की 35 ते 42 दिवस राहतात. प्लेटलेटचं तसं नाही. त्या 20 ते 24 अंशांवर सतत हलवत ठेवायच्या, आणि इतकं करून टिकतात साधारण पाच दिवस. सणाच्या महिनाभर आधी केवढंही मोठं शिबिर भरवा, सणाच्या दिवशी लागणारी प्लेटलेटची पिशवी त्याच सुमारास कुणीतरी येऊन द्यावी लागते. आणि नेमके तेव्हाच नेहमीचे डोनर गावाला गेलेले असतात.

राग आहे तो इतरांवर. दर 14 जूनला, रक्तदाता दिनाला, रक्ताच्या थेंबाचं चित्र स्टेटसला लावणारे आमच्या ओळखीत काही कमी नाहीत. त्यातल्या एकाने मला सांगितलं, ‘सुट्टी संपू दे, मग बघू.’ जणू भावाचा आजारही रजेवर जाणार होता! दुसरे ‘निघालोच’ म्हणाले आणि त्यांचा फोन बंद. ‘ग्रुपवर टाकलंय हं’ असं म्हणून मोकळे झालेले तर मोजण्यापलीकडे. बरं, ग्रुपवर टाकल्याने झालं काय, तर डोनर मिळाला नाहीच, पण फोन थांबेनात. पेशंट कोण, काय झालंय, अमुक झाडाचा रस दिला का, मेसेज खरा आहे ना? ज्यांना यायचंच नव्हतं त्यांनाही सगळी माहिती हवी होती. भाऊ आत एकटा आणि मी जिन्यात उभी राहून अनोळखी लोकांना त्याचा रक्तगट सांगत बसलेली.

मग तुम्ही आलात.

प्लेटलेट दिल्यात ते उपकार आहेतच. मशीनवर एका माणसाकडून घेतलेली पिशवी साधारण सहा जणांच्या रक्तातून काढलेल्या प्लेटलेटइतकी भरते, हे मला नंतर कळलं. पण माझ्या मनातून जात नाही ते दुसरंच. सुई टोचून झाली होती, मशीन घरघरत होतं, तुमच्या एका हातात तो मऊ चेंडू. मी आभार मानायला आत आले आणि तेवढ्यात माझा फोन पुन्हा वाजला. तुम्ही मोकळा हात पुढे केलात आणि म्हणालात, ‘आणा इकडे तो. मला इथे दीड तास दुसरं काम नाही. तुम्ही जा, त्याच्यापाशी बसा.’

मी दिला. कुणाला आपला फोन असा देऊन टाकणारी मी नव्हे, पण दिला.

नंतर येऊन बघते तर चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि तुम्ही एका अंगठ्याने टाइप करताय. ‘डोनर मिळला. आता फोन करु नए.’ ज्या ज्या ग्रुपवर माझा मेसेज फिरत होता, तिथे तिथे हेच, त्याच चुकांसकट. मधे ओठांना मुंग्या आल्या म्हणून सिस्टरनी कॅल्शियमची गोळी दिली, ती चघळत तुम्ही एका गृहस्थांना फोनवर सांगत होतात, ‘अहो, मिळाला डोनर. मीच तो.’ वर लटकलेली पिशवी पिवळसर होत चालली होती. रक्त म्हटल्यावर लाल असणार असंच मला वाटलं होतं.

मधल्या त्या वेळात मी भावापाशी नुसती बसले होते. तो झोपला. किती तरी वेळाने माझा हात त्याच्या हातात होता आणि त्यात फोन नव्हता.

सुट्टीच्या दिवसांत दानधर्माला ऊत येतो. जुने कपडे, पांघरुणं, खेळणी, पेट्याच्या पेट्या भरून जातात. त्याला नावं ठेवायची नाहीत, ज्याला मिळतं त्याची थंडी खरंच भागते. पण ते सगळं आधी जमवून ठेवता येतं. घरात पाहुणे आले असताना चप्पल घालून बाहेर पडणारा माणूस कुठून जमवून ठेवणार? तुमच्या घरीही सण होताच की. तुम्ही त्याचा उल्लेखसुद्धा केला नाहीत. साधी, सरळ माणुसकी असणारी माणसं बहुधा अशीच असावीत. आपण काही सोडून आलोय हे समोरच्याला कळूच देत नाहीत. बाकीचे येत नाहीत ते नाहीतच, वर त्यांच्या अडचणी आपणच ऐकून घ्यायच्या.

जाताना म्हणालात, ‘48 तासांनी पुन्हा देता येतात, लागल्या तर कळवा,’ आणि नंबर न देताच गेलात. रक्तपेढीकडे तो आहे, हे तुम्हाला ठाऊक असणार. पुन्हा लागल्या, तेव्हा दुसऱ्या एका ताईंनी दिल्या. आता त्याच्या स्वतःच्याच तयार होतायत. परवाच्या रिपोर्टात लाखाच्या वर होत्या.

मला रक्त देता येत नाही. हिमोग्लोबिन साडेबारा लागतं, माझं अकराच्या आसपास रेंगाळतं. गोळ्या चालू आहेत. तोवर या सुट्टीत तुमचंच काम धरलंय. रक्ताचा मेसेज आला की आधी दिलेल्या नंबरवर विचारते, गरज अजून आहे का. असेल तर कोणता गट, कुठे, कधीपर्यंत, एवढं नीट लिहून पुढे पाठवते. नसेल तर सगळीकडे तसं कळवते. काल असाच एक बंद केला. पेशंट कधीच घरी गेला होता, आणि त्याच्या बायकोला रात्री साडेअकरालाही लोक रक्तगट विचारत होते.

तुमची,
त्या मुलाची ताई