सत्ता गेली, व्यवस्था राहिली

महोदय,

लोकानुनयी पक्ष निवडणूक हरला की प्रश्न मिटला, असे आपल्याकडे सर्रास गृहीत धरले जाते. असे मानणाऱ्यांनी पोलंडकडे पाहावे. २०१५ पासून सत्तेत असलेल्या ‘कायदा आणि न्याय’ पक्षाने ऑक्टोबर २०२३ मध्ये बहुमत गमावले. पण २०१७ च्या कायद्याने न्यायाधीश नेमणाऱ्या मंडळातील २५ पैकी १५ जागा संसदेच्या हाती गेल्या होत्या. पूर्वी त्या न्यायाधीशच निवडत. या बदललेल्या मंडळामार्फत दोन हजारांहून अधिक न्यायाधीश नेमले गेले. त्यांना सरसकट काढावे, तर त्यांनी दिलेल्या घटस्फोट, वारसा, कर्जाच्या निकालांचे काय? ठेवावे, तर युरोपीय न्यायालयांचे ताशेरे. गाठ इथे आहे!

कायदा बदलायचा तर अध्यक्षांची सही हवी. त्यांचा नकाराधिकार मोडायला तीन पंचमांश मते लागतात, म्हणजे ४६० चे सभागृह पूर्ण हजर असेल तर २७६. निवडणुकीनंतर पंतप्रधान झालेल्या डोनाल्ड टस्क यांच्या आघाडीकडे होती २४८. शिवाय २०२५ मध्ये नवे अध्यक्षही जुन्या सत्ताधाऱ्यांच्या पाठिंब्यावरच निवडून आले. मग सरकार आडवाटा शोधते: सरकारी वाहिनीवरील जुन्या सत्ताधाऱ्यांची पकड सोडवायला कंपनी कायद्याचा आधार घेऊन संचालक बदलले गेले. हेतू चांगला, पायंडा वाईट.

‘कायदा आणि न्याय’ने सुरू केलेले मुलांसाठीचे मासिक ५०० झ्लोटी (पोलंडचे चलन) मात्र कोणी बंद केले नाहीत. जानेवारी २०२४ पासून ते ८०० झाले. ‘लाडकी बहीण’ कधीतरी बंद होईल, असे मानणाऱ्यांनी हेही वाचावे.

– एक वाचक, सातारा