गणपतराव 'सलग' निवडून आले नव्हते

मा. संपादक महोदय,

आबासाहेबांच्या, म्हणजे गणपतराव देशमुखांच्या, स्मृतिदिनानिमित्त छापलेला लेख काल वाचला. आठवण ठेवलीत, त्याबद्दल आभार. पण 'सांगोल्यातून सलग अकरा वेळा आमदार' हे कुठून आणलंत? गणपतराव देशमुख १९६२ ला पहिल्यांदा निवडून आले. १९७२ ला पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ ला पुन्हा पडले आणि मग १९९९ पासून २०१४ पर्यंतच्या चारही निवडणुका जिंकले. अकरा विजय खरे, 'सलग' खोटं.

शब्दाचा कीस काढतोय असं वाटेल. पण हे दोन पराभव गाळले की माणूसच हातातून निसटतो. दोन्ही वेळा ते शेतकरी कामगार पक्षातच राहिले. १९७८ आणि १९९९ मध्ये मंत्री झाले तेही त्याच पक्षाचे म्हणून. २०१४ ला २८८ च्या सभागृहात या पक्षाचे तिघेच होते आणि त्यातले एक आबासाहेब. आज आमदारकी गेली की महिन्याभरात गळ्यातला पंचा बदलतो आणि तुमच्याच पहिल्या पानावर त्याचा हसरा फोटो येतो. अशा दिवसांत पडलेल्या गणपतरावांबद्दल तुमच्या लेखात एक ओळही नसावी, याचा मला राग आहे.

१९९५ नंतरचं मला घरातलं आठवतं. आमची जमीन पाझर तलावात गेली होती आणि मोबदल्याची फाईल एका कार्यालयात पडून होती. साहेब दौऱ्यावर, क्लार्क रजेवर, कागद अपुरे, हेच दर खेपेला. उतारा दिला की नकाशा मागायचे, नकाशा दिला की उतारा जुना झालेला असायचा. वडिलांनी एका मोठ्या पुढाऱ्याच्या बंगल्यावरही चक्कर टाकली. तिथे फाटकाशीच नाव आणि गाव लिहून घेतलं आणि परत पाठवलं. शेवटी वडील तोच अर्ज घेऊन आबासाहेबांकडे गेले. ते तेव्हा आमदार नव्हते. आमच्या वस्तीवरची इतर माणसंही जात होती, कारण आत जायला कुणाची चिठ्ठी लागत नव्हती. मोबदला फार उशिरा मिळाला, त्यात त्यांच्या शब्दाचा वाटा किती होता ते मला सांगता येणार नाही. पण सत्ता नसलेल्या माणसाकडे गाऱ्हाणं घेऊन जावंसं वाटणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे पन्नाशी ओलांडल्यावर कळतंय.

तुमच्या लेखात मात्र एसटीचा प्रवास, साधं घर आणि साधे कपडे. हे सगळं खरं आहे आणि आम्हाला त्याचा अभिमानही आहे. पण दरवर्षी तेवढंच लिहिता आणि पाणी राहून जातं. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबरीने त्यांनी आटपाडीची पाणी परिषद चालवली, कृष्णेचं पाणी दुष्काळी तालुक्यांना मिळावं म्हणून. टेंभू, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांची नावं आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. पाणी वर्षानुवर्षं लांबलं, निधी अडला, तरी मागणी सुटली नाही. सांगोल्याची सूतगिरणी हा तर स्वतंत्र लेखाचा विषय. एसटीत बसणारा आमदार म्हणून हळहळणं सोपं असतं. त्यांनी लावून धरलेल्या योजनांची आज काय स्थिती आहे हे लिहायचं तर वार्ताहराला कालव्यावर जावं लागेल.

जाता जाता आणखी एक. अधिवेशन असतं तेव्हा तुमच्या अंकात पायऱ्यांवरची घोषणाबाजी चार रकाने असते. प्रश्नोत्तराचा तास कुठेच नसतो. आमच्या आमदाराने कोणता प्रश्न विचारला, मंत्र्यांनी काय उत्तर दिलं, हे वाचायला आम्ही पैसे मोजतो. पूर्वी आतल्या पानावर का होईना, ते येत असे. गणपतराव सभागृहात अभ्यास करून बोलत असं तुम्हीच लिहिता, मग त्यातलं एखादं भाषण तरी छापा. विधिमंडळाच्या ग्रंथालयात कार्यवृत्तं आहेत.

'सलग'ची दुरुस्ती मात्र उद्याच्या अंकात यावी, आणि लेख जिथे छापला त्याच पानावर. कोपऱ्यातल्या दिलगिरीच्या चौकटीत ती कुणी वाचणार नाही.

आपला,
एक वाचक, सांगोला तालुका