क्लच बदलला आणि गाडी थरथरू लागली: सेवा केंद्राच्या चार अंदाजांबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख,
मुख्य कार्यालय

विषय: क्लच बदलल्यानंतर गाडीत निर्माण झालेली थरथर, तिचे चुकीचे निदान आणि वॉरंटी नाकारल्याबाबत.

महोदय,

माझ्याकडे तुमच्या कंपनीची सात आसनी डिझेल गाडी आहे. मॅन्युअल गिअर, इंजिनाची ओढ मागच्या चाकांना, १ लाख १२ हजार किलोमीटर रनिंग. गाडीचा नंबर, जॉबकार्ड आणि बिलांच्या प्रती पत्राला जोडल्या आहेत, म्हणून इथे पुन्हा लिहीत नाही.

मी कराडला राहतो आणि सौभाग्यवतींचं माहेर चिपळूणला आहे. त्यामुळे कुंभार्ली घाट या गाडीने किती वेळा चढला याची गणती नाही. दिवाळीनंतर परत येताना याच घाटात क्लच सुटायला लागला. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की आरपीएमचा काटा वर जायचा, गाडी मात्र तिथेच. "काहीतरी जळतंय" हे सौभाग्यवतींनी माझ्याआधी ओळखलं. एवढ्या रनिंगला क्लच संपणं यात वावगं काही नाही, त्याबद्दल माझी तक्रारही नाही.

१४ नोव्हेंबरला गाडी तुमच्या अधिकृत सेवा केंद्रात दिली. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट बदलला, मजुरीसह १८,७५० रुपये भरले आणि १६ तारखेला गाडी घेतली. क्लच उत्तम झाला आहे, पेडल हलकं आहे, उचलताना झटका नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात क्लचचा दोष नाही.

घरी येताना हायवेला लागलो आणि ७० च्या पुढे सीटखालून गुंजारव सुरू झाला. ८० ते ९० मध्ये तर मागच्या सीटवर बसलेल्या मुलीच्या पायाला मुंग्या आल्या. गाडी आत गेली तेव्हा हे नव्हतं, बाहेर आली तेव्हा होतं. तपास कुठून सुरू करायचा, हे एवढ्यावरूनच कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी गेलो. अॅडव्हायझर म्हणाले, "काका, नवा क्लच आहे, बसायला वेळ लागतो. हजारेक किलोमीटर चालवा." नवी प्लेट घासून बसते हे खरं, पण ती गाडी उचलताना बसते. ८० च्या वेगाने सरळ जाताना क्लच पूर्ण पकडलेला असतो, तिथे बसायचं काय राहिलं? तरी ऐकलं आणि ३०० किलोमीटर चालवली. फरक शून्य. पुन्हा गेलो, तर चाकांचं बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून १,८५० रुपये घेतले. फरक शून्य. तिसऱ्या खेपेला टायर जुने ठरले. चौथ्या खेपेला इंजिन माउंटिंग (इंजिन ज्या रबरी आधारावर बसतं तो) गेलंय म्हणून ७,४०० रुपयांचं एस्टिमेट हातात ठेवलं. या चार खेपांत एकानेही माझ्या शेजारी बसून गाडी ८० ने चालवून पाहिली नाही. पार्किंगमध्ये एक फेरी आणि "एवढं चालतंच", झाली ट्रायल.

मी सरकारी आयटीआयमध्ये शिल्प निदेशक म्हणून निवृत्त झालो, फिटर ट्रेडला. अंदाजाने नट सैल करणाऱ्या पोराला मी कधी मार्क दिले नाहीत. तेव्हा तपासणी मीच करायची ठरवली.

आधी गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये आरपीएम हळूहळू ३,००० पर्यंत नेले. क्लच दाबून आणि सोडून, दोन्ही तऱ्हांनी. थरथर नाही. प्रेशर प्लेट वाकडी बसली असती, तिचे बोल्ट असमान आवळले असते किंवा फ्लायव्हीलचा तोल गेला असता, तर ते इथेच बोललं असतं, कारण हे भाग गाडी उभी असली तरी इंजिनाबरोबर फिरतात. माउंटिंग फाटलं असतं तर आयडलिंगला आणि बंद करताना इंजिन हिसका देतं. तोही नाही. म्हणजे ७,४०० रुपयांचं एस्टिमेट घरच्या अंगणातच निकालात निघालं.

मग पहाटे मोकळ्या रस्त्यावर गेलो. ८० चा वेग पाचव्या गिअरमध्ये आणि तोच तिसऱ्यात. चौथा मुद्दाम सोडला, कारण माझ्या गाडीत चौथा गिअर डायरेक्ट आहे, तिथे इंजिन आणि प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सचं फिरणं मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा) एकाच गतीने फिरतात आणि कोण थरथरतंय ते कळत नाही. पाचव्यात इंजिन शांत, तिसऱ्यात ओरडत होतं, पण थरथर दोन्हीकडे तीच आणि त्याच वेगाला. शेवटी ८५ वर क्लच दाबून न्यूट्रल केलं. इंजिन आयडलिंगला आलं, थरथर जागच्या जागी. म्हणजे ती इंजिनाच्या गतीशी नाही, गाडीच्या वेगाशी बांधलेली होती. इंजिन आणि क्लच दोघेही निर्दोष सुटले. राहिली चाकं आणि शाफ्ट.

चाक की शाफ्ट, हे मुलीच्या फोनने सांगितलं. कंपन मोजायचं अॅप उघडून तिने फोन मागच्या फ्लोअरवर ठेवला. ८० ला सेकंदाला ४२ च्या आसपास ठोके. माझ्या चाकाचा घेर २.१ मीटर. ८० च्या वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे चाकाचे साडेदहा फेरे. शाफ्ट चाकाच्या साधारण चारपट फिरतो. साडेदहा चोक बेचाळीस. चाकाचा दोष असता तर सेकंदाला दहा-अकरा हादरे आले असते. पुढच्या चाकाचा असता तर स्टिअरिंगही हललं असतं. शाफ्टच्या क्रॉसचा, म्हणजे त्याच्या टोकाच्या सांध्याचा, दोष बहुधा एका फेऱ्यात दोन ठोके देतो, म्हणजे ८४ दिसायला हवे होते. फेऱ्याला बरोबर एक ठोका याचा अर्थ शाफ्टचा तोल किंवा त्याची बैठक बिघडली आहे.

क्लचच्या कामाशी शाफ्टचा काय संबंध, असं तुमच्या अॅडव्हायझरांनी मला विचारलं होतं. संबंध असा की या गाडीत क्लचपर्यंत पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि गिअरबॉक्स उतरवायला आधी शाफ्ट सोडावा लागतो. मागे डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या दोन चाकांना फिरणं वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीच्या, फ्लँजला (चपट्या चकतीला) तो चार बोल्टने जोडलेला आहे. चार बोल्ट म्हणजे तो चार तऱ्हांनी बसू शकतो. मूळ जागा एकच. म्हणून सोडण्याआधी दोन्हीकडे खूण करायची असते. खडू चालतो, रंग चालतो, पंचचा ठिपका तर सर्वांत चांगला. आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे शिकवतात.

गावातल्या एका गॅरेजच्या रॅम्पवर गाडी चढवली. फ्लँजवरचा कारखान्याचा पिवळा ठिपका वर, शाफ्टवरचा ठिपका बरोबर खाली. अर्धा फेरा चुकलेला. शिवाय चारपैकी एक बोल्ट बाकीच्या तिघांच्या जातीचा नव्हता, डोकं वेगळं आणि लांबी जास्त. थरथरीपेक्षा या बोल्टची मला जास्त धास्ती वाटली. घाट उतरताना हा जोड सुटला तर शाफ्ट रस्त्यावर पडतो. मग काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

मी कशालाही हात लावला नाही. फोटो काढले आणि ते घेऊन पाचव्यांदा सेवा केंद्रात गेलो. मॅनेजरांनी फोटो पाहिलेच नाहीत. "बाहेर गाडी उघडलीत ना, आता क्लचची वॉरंटी गेली," एवढंच म्हणाले. उघडली नाही, फक्त खालून पाहिली, हे सांगून उपयोग झाला नाही. गाडीच्या मालकाने गाडीखाली वाकून पाहिलं तर वॉरंटी जाते, असा नियम तुमच्या पुस्तिकेत मला कुठेही सापडला नाही.

शेवटी त्याच गॅरेजच्या मिस्त्रीने चार बोल्ट काढले, शाफ्ट अर्धा फेरा फिरवला, ठिपक्यासमोर ठिपका आणला, योग्य जातीचा बोल्ट टाकला आणि टॉर्क रेंचने आवळलं. पाऊण तास, ४०० रुपये. त्या संध्याकाळी ९० ने गेलो. मागच्या सीटवर मुलगी झोपली.

माझं म्हणणं असं आहे. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंटचे १,८५० रुपये परत मिळावेत, कारण ते काम न तपासता माझ्या गळ्यात मारलं. मिस्त्रीचे ४०० मी मागत नाही. काम त्याने केलं, पैसे त्यालाच शोभतात. क्लच सेटची वॉरंटी कायम आहे हे लेखी द्यावं. गाडी अशा अवस्थेत ९०० किलोमीटर पळाली आहे, तेव्हा शाफ्टचं मधलं बेअरिंग, क्रॉस आणि गिअरबॉक्सच्या मागचं ऑइल सील तुमच्या खर्चाने तपासावं, मात्र दुसऱ्या सेवा केंद्रात आणि माझ्यासमोर. काढलेला परका बोल्ट माझ्याकडे पिशवीत आहे. तो कुठून आला याचं उत्तर मला हवं आहे. माझ्या गाडीचा मूळ बोल्ट आता कोणाच्या गाडीत आहे, हेही कळलं तर बरं.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन. तिथेही भागलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सेवेतील त्रुटीसाठी जिल्हा आयोगाकडे जाईन. राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, त्यामुळे मला लांब जावं लागणार नाही. तुमच्या माणसांना मात्र यावं लागेल.

कोणाची नोकरी जावी म्हणून हे पत्र लिहिलेलं नाही. ज्या पोराने शाफ्ट सोडला त्याच्या हातात त्या दिवशी आणखी किती गाड्या होत्या, कोण जाणे. त्याला कुणीतरी एक खडू घेऊन द्या.

कळावे,

आपला ग्राहक
(नाव व पत्ता सोबतच्या आरसीच्या प्रतीप्रमाणे)
कराड, जि. सातारा