पहिली गाडी घेताना शेजारी बसलेल्या आत्यास

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझे आभार तोंडी मानून झाले आहेत. हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण नुकतंच लायसन्स हातात पडलेल्या मुलामुलींना गाडी दाखवणारे पुष्कळ भेटतात, विम्याचे कागद शेजारी बसून वाचून दाखवणारं कोणी भेटत नाही. मला तू भेटलीस. अपघातात मोडलेल्या गाड्या तपासून दाव्याची रक्कम ठरवण्यात तुझी सगळी नोकरी गेली. त्यामुळे ठोकल्यावर गाडीचं काय होतं आणि आतल्या माणसाचं काय होतं, तिथून तू गाडीकडे बघायला सुरुवात करतेस. ती नजर तू मला दिलीस.

मी आले तेव्हा माझ्याकडे आवडलेल्या गाड्यांची यादी होती. तू ती खोडली नाहीस. फक्त प्रत्येक नावापुढे एक रकाना आखलास आणि वर लिहिलंस, 'वर्षाचा विमा'. गाडीची किंमत एकदाच द्यायची असते, विम्याचा हप्ता दर वर्षी, एवढंच म्हणालीस आणि मला एकेका गाडीचा हप्ता विचारून घ्यायला बसवलंस. तो रकाना भरत गेला तशी यादीची उलथापालथ झाली. जवळजवळ सारख्या किमतीच्या दोन गाड्यांच्या हप्त्यात केवढा फरक! इंजिनाची ताकद, दिवे-बंपर बदलण्याचा खर्च, ती गाडी चोरीला किती जाते, रात्री कुठे उभी राहणार, वर्षाला किती पळणार, हे सगळं कंपनी बघते. आणि चालवणाऱ्याचं वय आणि अनुभव तर बघतेच. वय आपल्या हातात नाही, मॉडेल आहे, म्हणून आधी मॉडेलवर काम कर, हे तुझं म्हणणं मला फार पटलं.

वयाचा मला राग होता. मी अजून कोणाला साधा धक्का लावलेला नाही, मग जास्त पैसे कशाचे? तू त्या रागाला हसली नाहीस. कंपनी तुला एकटीला ओळखत नाही, तुझ्यासारख्या हजारोंचा एकत्र हिशेब मांडते आणि तो हिशेब वाईट आहे, हे सरळ सांगितलंस. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालात ५ ते २९ या वयोगटातल्या मृत्यूंचं पहिल्या क्रमांकाचं कारण रस्ते अपघात हे आहे. लायसन्स मिळाल्यानंतरचे पहिले काही महिने सगळ्यांत धोक्याचे असतात. रात्रीच्या वेळी आणि गाडीत बरोबरीची मित्रमंडळी असताना तो धोका आणखी वाढतो. न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याने मिळणारं लायसन्स आणलं ते याचसाठी: नवख्या चालकाने रात्री एकट्याने चालवायचं नाही, सोबत अनुभवी माणूस असल्याशिवाय मित्र बसवायचे नाहीत, अनुभव वाढेल तशी मोकळीक. माझ्या लायसन्सवर तशी अट नाही, तरी पहिल्या काही महिन्यांसाठी ती मी स्वतःला घालून घेतली. मुलगी म्हणून हप्ता कमी पडेल का, हेही मी विचारलं होतं. काही ठिकाणी पडतो, म्हणालीस. युरोपीय संघात मात्र तिथल्या न्यायालयाच्या २०११ च्या निकालामुळे २१ डिसेंबर २०१२ पासून नव्या पॉलिसीत स्त्री-पुरुष असा फरक करता येत नाही. तारखेसकट तुझ्या तोंडात हे तयार होतं. आपलं काम इतकं मनापासून केलेल्या माणसाकडून शिकायला मिळणं हे माझं भाग्य.

यादीत सगळ्यांत स्वस्त होती एक जुनी, अगदी छोटी गाडी. तिचा हप्ताही कमी होता. मी जवळजवळ ठरवलंच होतं, आणि तू पहिल्यांदाच स्पष्ट 'नाही' म्हणालीस. त्या गाडीत इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल नव्हतं. वळणावर किंवा ओल्या रस्त्यावर गाडी घसरायला लागली की ही यंत्रणा एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडी सरळ ठेवते, आणि नवख्याच्या हातून नेमकं तिथेच स्टिअरिंग जास्त फिरवलं जातं. १९९५ मध्ये बॉश आणि मर्सिडीज यांनी ती पहिल्यांदा बाजारातल्या गाडीत आणली. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून ती प्रत्येक नव्या गाडीत सक्तीची आहे. म्हणजे सेकंडहँड गाडी बघताना वर्षाकडे फक्त किमतीसाठी बघायचं नसतं, त्या वर्षी त्या बाजारात काय सक्तीचं होतं तेही बघायचं असतं. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी ही संस्थाही नव्या चालकांना हेच सांगते: फार ताकदीचं इंजिन नको, अगदी चिमुकली गाडीही नको, आणि स्टॅबिलिटी कंट्रोल हवंच.

धडक-चाचणीत गाडीला सुरक्षिततेचे जे तारे मिळतात, त्यांबद्दलही तू माझा गैरसमज होऊ दिला नाहीस. असे तारे देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपातल्या संस्थेचे पहिले निकाल १९९७ मध्ये आले आणि तेव्हापासून कसोट्या कडक होत गेल्या, म्हणून दहा वर्षांपूर्वीचे पाच तारे आणि आजचे पाच तारे एक नव्हेत. समोरून होणाऱ्या धडकेचे तारे साधारण सारख्या वजनाच्या गाड्यांतच ताडून बघायचे. आणि एकाच नावाची गाडी वेगवेगळ्या देशांत कमी-जास्त एअरबॅग लावून विकली जाते, तेव्हा चाचणी नक्की कुठल्या गाडीची झाली ते वाचायचं.

प्रत्यक्ष गाडी बघायला जायचं ठरलं तेव्हा तू विकणाऱ्याला आधीच निरोप द्यायला लावलास की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवलास. इंजिन गार असतानाच त्याचे खरे आवाज ऐकू येतात, अगोदर तापवून ठेवलेलं असेल तर काहीतरी झाकायचं असण्याची शक्यता असते. सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर ऑइल जळतंय, काळा आला तर इंधन जास्त जातंय, पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, आत शिरतंय. इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवणारा टायमिंग बेल्ट रबरी आहे का, आणि असेल तर शेवटचा कधी बदलला, याची पावती मागितलीस. तो चालत्या गाडीत तुटला तर पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि स्वस्तात घेतलेली गाडी एका क्षणात महाग होते. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार अंक कसे वाचायचे तेही तिथेच दाखवलंस. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी कितीही खोल असो, रबर म्हातारं झालेलं असू शकतं.

मला सगळ्यांत जास्त लक्षात राहिलं ते सीटबेल्टचं. चारही बेल्ट तू शेवटपर्यंत ओढून बघितलेस. एखाद्या बेल्टवर पाण्याची रेघ किंवा सुकलेला गाळ दिसला तर ती गाडी पुरात उभी होती असं समजायचं, कारण धुताना माणूस सीट धुतो, चटई धुतो, पण गुंडाळून आत गेलेला पट्टा सहसा कोणी बाहेर काढत नाही. ते बघून झाल्यावर काचेखालचा, दारातल्या पट्टीवरचा आणि कागदावरचा चासी नंबर जुळवून घेतलास. सतरा अक्षरं-अंकांचा असतो तो, आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं नसतात. सापडली तर तिथूनच मागे फिरायचं. एवढं करूनही शेवटी, 'माझं झालं, आता आपल्या पैशाने आपला मेकॅनिक आणू,' म्हणालीस. आपल्याला इतकं कळत असूनही दुसऱ्याला दाखवून घ्यायचं, हे मी त्या दिवशी तुझ्याकडून उचललं.

आणि मग पॉलिसी. इथे तुझं ऋण सगळ्यांत मोठं आहे.

मी गाडीला ओरखडा गेला तर काय, चोरीला गेली तर काय, असंच विचारत होते. तू म्हणालीस, गाडी पूर्ण गेली तरी तुझं नुकसान गाडीच्या किमतीएवढं. पण तुझ्या गाडीखाली एखाद्याचा पाय गेला तर त्याच्या आयुष्यभराच्या कमाईचं आणि उपचारांचं देणं किती होईल, त्याला वरची मर्यादा नाही. ब्रिटनने १९३० च्या कायद्यात विमा सक्तीचा केला तो दुसऱ्याच्या इजेचा, स्वतःच्या गाडीचा नव्हे, आणि बहुतेक देशांनी तीच वाट धरली. म्हणून त्रयस्थ व्यक्तीचं नुकसान हा पॉलिसीचा गाभा समजायचा. त्याची भरपाई कुठपर्यंत आहे ते आधी वाचायचं, आणि मर्यादा वाढवून मिळत असेल तर पैसे तिथे घालायचे. स्वतःच्या गाडीचा विमा त्यानंतर. जुन्या, कमी किमतीच्या गाडीला संपूर्ण विमा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीबरोबर स्वतःच्या गाडीचाही, घ्यायचा का, हा साधा हिशेब आहे: गाडीची किंमत किती आणि त्यासाठी जादा हप्ता किती. मात्र काही वेळा तरुणांना संपूर्ण विमाच स्वस्त पडतो, म्हणून दोन्हीचे दर मागायचेच.

वजावट, म्हणजे दाव्यातली पहिली काही रक्कम जी आपणच भरायची, ती वाढवली की हप्ता उतरतो. किती वाढवायची यावर तुझं माप मला फार आवडलं: उद्या सकाळी कोणाकडेही न मागता जेवढे देता येतील तेवढीच. आणि काही ठिकाणी तरुण चालकांना सक्तीची वजावट वेगळी लावलेली असते, तिच्यावर ही ऐच्छिक वजावट चढते, तेव्हा दोन्हींची बेरीज करून बघायची. छोट्या दुरुस्तीसाठी दावा केला की पुढच्या वर्षीची दावा न केल्याबद्दलची सूट जाते. हप्ता महिन्याला भरला तर बऱ्याचदा व्याज लागतं. गाडी पूर्ण निकामी झाली तर तिची त्या वेळची बाजारातली किंमत मिळते, आपण मोजलेली नाही, आणि कर्ज त्याहून जास्त उरलं असेल तर फरक आपल्या अंगावर येतो. ही एकेक ओळ तू तुझ्या नोकरीतल्या प्रसंगांसकट सांगितलीस. एकाही माणसाचं नाव घेतलं नाहीस, त्याबद्दलही तुझा आदर वाटतो.

घरात कोणीतरी सुचवलं होतं की बाबांना मुख्य चालक दाखवू, हप्ता निम्म्यावर येईल. जिथे कंपनी मुख्य चालक कोण हे विचारते तिथे ही सरळ फसवणूक आहे, आणि ती उघडी पडते ती नेमकी अपघातानंतर, जेव्हा भरपाईची खरी गरज असते. हे तू सगळ्यांसमोर बोललीस, कोणाला न दुखावता. त्यात एक वाक्य असं होतं: 'खोटं लिहून घेतलेला विमा म्हणजे वर्षभर पैसे भरून विमा नसणं.' बाबांना अनुभवी दुसरा चालक म्हणून खरोखर जोडता येतं, त्यानेही काही वेळा हप्ता उतरतो, हा रस्ताही तूच दाखवलास. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, बदललेली चाकं, इंजिनातले बदल कंपनीला कळवावे लागतात. घरोघरी सामान पोचवण्याचं काम त्या गाडीने केलं तर खासगी वापराची पॉलिसी चालत नाही. मला ते काम करायचं नव्हतं, पण हे वाचणाऱ्या कितीतरी जणांना करायचं असेल, म्हणून इथे लिहून ठेवते.

आत्या, शेवटी जी गाडी आली ती माझ्या मूळ यादीत नव्हती. स्टॅबिलिटी कंट्रोल आहे, मधल्या आकाराची आहे, इंजिन साधं आहे, सुटे भाग सहज मिळतात, रंग मी निवडला असता असा नाही. मला ती मनापासून आवडते. गाडीत बसल्यावर आधी मागच्या सीटवरच्यांना बेल्ट लावायला सांगते. तीन बिंदूंचा तो पट्टा १९५९ मध्ये व्होल्व्होच्या नील्स बोलिन यांनी बनवला आणि कंपनीने त्याचं पेटंट सगळ्यांना वापरू दिलं, हे तू सांगितलेलं मी मित्रमैत्रिणींना सांगते, मग बेल्ट लावायला कोणी कुरकुर करत नाही.

आता नूतनीकरणाची वेळ जवळ येते आहे. चालवण्याची पद्धत मोजणारा डबा गाडीत बसवला तर सूट देऊ, असं कंपनीने कळवलंय. ब्रेक किती जोरात लागतो, वेग किती, रात्री किती चालते, हे तो नोंदवतो. माहिती कोणाकडे जाते आणि चुकलं तर हप्ता वाढतो का, हे दोन प्रश्न मी त्यांना आधीच लेखी पाठवले आहेत. उत्तर आलं की कागद घेऊन येते. या वेळी आधी मी वाचते आणि तुला समजावून सांगते, राहिलेलं तू दाखव.

तुझी भाची